गोळी पोटात गेल्यानंतर : औषधाचा शरीरातील प्रवास आणि औषध देणाऱ्याची जबाबदारी

तथागतांच्या काळातील थोर वैद्य जीवक याची कथा आपल्यापैकी अनेकांनी वर्षावासातील ग्रंथवाचनात ऐकलेली आहे. तक्षशिलेत सात वर्षे विद्या घेतल्यावर गुरूने त्याला परीक्षेसाठी नगराभोवतीच्या एक योजन परिसरात पाठविले आणि औषधी नसलेली वनस्पती शोधून आणावयास सांगितले. जीवक रिकाम्या हाताने परतला. औषधी नाही अशी एकही वनस्पती त्याला सापडली नाही आणि तो परीक्षेत उत्तीर्ण झाला.

याच जीवकाची दुसरी कथा तितकी सांगितली जात नाही. तथागतांची प्रकृती बिघडली आणि त्यांना रेचक देण्याची वेळ आली, तेव्हा त्याने नेहमीचे तीव्र रेचक दिले नाही. आधी काही दिवस शरीराला तेल लावावयास सांगितले. नंतर औषध घातलेली कमळे हुंगावयास देऊन सौम्य मात्रेत काम साधले. पहिल्या कथेत औषधाचे ज्ञान आहे. दुसऱ्या कथेत ज्या शरीरात ते औषध जाणार, त्या शरीराचे ज्ञान आहे. विनयपिटकात रुग्णाची सेवा करणाऱ्याचे गुण सांगताना औषध तयार करता येणे हा गुण आहेच, पण रुग्णाला काय मानवते आणि काय मानवत नाही हे ओळखणे हाही गुण सांगितला आहे. आजच्या भाषेत बोलावयाचे तर फार्मासिस्टच्या शिक्षणाचे हे दोन भाग होत. पहिल्याकडे समाजाचे लक्ष असते, दुसऱ्याकडे फारसे नसते. म्हणून या लेखात दुसऱ्या भागाचा विचार करू.

खाचरातील पाण्याचा हिशेब

औषध आपल्या शरीरावर काम करते हे सर्वांना माहीत आहे. परंतु शरीरही औषधावर काम करीत असते. ते औषधाला आत घेते, सर्वत्र वाटते, त्याचे रूप बदलते आणि शेवटी बाहेर टाकते. शोषण, वितरण, रूपांतर आणि उत्सर्जन असे हे चार टप्पे आहेत.

आंदर मावळातील माणसाला हे समजावून घेण्यासाठी भाताचे खाचर पुरेसे आहे. वरच्या खाचरातून पाणी येते, आपल्या खाचरात पसरते आणि खालच्या बाजूने निघून जाते. लावणी झाल्यावर पाणी फार कमी झाले तर रोप सुकते, फार झाले तर कुजते. शेतकऱ्याचे लक्ष असते ते पाण्याच्या पातळीकडे. औषधाचेही तसेच आहे. रक्तातील औषधाची पातळी एका मर्यादेखाली गेली की गुण येत नाही आणि वरची मर्यादा ओलांडली की अपाय होतो. "दिवसातून दोन वेळा", "जेवणाआधी", "सहा महिने" या सूचना म्हणजे ही पातळी राखण्याचा हिशेब होय. डॉक्टर डोस कागदावर ठरवितात, पण रक्तात प्रत्यक्ष किती औषध उरेल हे प्रत्येकाचे शरीर ठरविते.

पहिला टप्पा : शोषण

तोंडाने घेतलेली बहुतेक औषधे लहान आतड्यातून रक्तात शिरतात. तेथे त्यांची गाठ पोटातील इतर पदार्थांशी पडते. आपल्या वाड्यावस्त्यांवर अंगणवाडीतून किंवा आशाताईंकडून महिलांना लोहाच्या गोळ्या मिळतात. ही गोळी सकाळच्या चहाबरोबर घेतली, तर चहातील टॅनिन लोहाला बांधून ठेवते आणि त्याचा बराच भाग वाया जातो. लिंबूपाणी किंवा आवळ्याबरोबर घेतली तर लोह अधिक शोषले जाते. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नये, कारण कॅल्शियममुळे लोहाचे शोषण कमी होते. तीन महिने गोळ्या घेऊनही रक्त वाढले नाही अशी तक्रार आली, तर गोळीला दोष देण्यापूर्वी ती कशाबरोबर घेतली हे विचारावे.

टेट्रासायक्लिन गटातील औषधे आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन यांचीही तीच गोष्ट. दूध किंवा ॲसिडिटीच्या गोळीबरोबर घेतल्यास त्यांचे शोषण घटते. "औषध गरम पडते, दुधाबरोबर घे" हा घरातील वडीलधाऱ्यांचा सल्ला प्रेमाचा असला तरी या औषधांना तो लागू नाही.

काही औषधे तोंडाने देताच येत नाहीत. इन्सुलिन हे प्रथिन आहे. पोटात गेले तर डाळीतल्या प्रथिनाप्रमाणे पचून जाते, म्हणून त्याचे इंजेक्शन घ्यावे लागते. पूज्य बाबासाहेबांना मधुमेह होता व इन्सुलिन घ्यावे लागत असे, हे आपण त्यांच्या चरित्रांतून वाचले आहे. आपल्याच मावळात तळेगाव दाभाडे येथे त्यांचे घर होते. त्या घराला भेट देणाऱ्या विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, १९२१ साली टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला नसता तर मधुमेहाच्या असंख्य रुग्णांना पुढील आयुष्य मिळालेच नसते.

आतड्यातून शोषलेले रक्त सर्वप्रथम यकृतात जाते. यकृत काही औषधांचा मोठा भाग तेथेच निकामी करते. हृदयविकारात छातीत दुखू लागल्यावर सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवतात, त्याचे एक कारण हे आहे. जिभेखालील रक्तवाहिन्यांतून औषध यकृत टाळून थेट रक्ताभिसरणात जाते आणि काही मिनिटांत काम करते. अशा वेळी ती गोळी घाईने पाण्याबरोबर गिळली तर मोलाचा वेळ जातो.

दुसरा टप्पा : वितरण

रक्तात आलेले औषध सर्व अवयवांत सारखे जात नाही. मेंदूभोवती तर निसर्गाने जणू बांधच घातला आहे. सर्दीसाठी दिली जाणारी क्लोरफेनिरामिन ही जुनी गोळी हा बांध ओलांडते, म्हणून झोप येते. सेटिरिझिन कमी प्रमाणात ओलांडते, म्हणून झोपही तुलनेने कमी येते. कान्हे फाट्यावरून रात्री मोटारसायकलने खांडी-कुसूरकडे जाणाऱ्या माणसाला, किंवा एमआयडीसीत रात्रपाळीला यंत्रावर उभ्या राहणाऱ्या कामगाराला सर्दीची गोळी देताना हा फरक सांगणे म्हणजे अपघात टाळणे होय.

तिसरा टप्पा : यकृतातील रूपांतर

यकृत हा शरीराचा कारखाना. तेथील विकर औषधाचे रासायनिक रूप बदलतात, बहुधा ते पाण्यात विरघळेल असे करतात, म्हणजे मूत्रपिंडाला ते बाहेर टाकणे सोपे जाते. मात्र रूप बदलले म्हणजे औषध दरवेळी निरुपद्रवी झाले असे नाही.

पॅरासिटामॉलचे उदाहरण घ्या. ताप-अंगदुखीवरचे हे विश्वासाचे औषध आहे. त्याचा बराचसा भाग यकृत सुरक्षितपणे निकाली काढते. थोडा भाग मात्र एका विषारी पदार्थात बदलतो. त्या पदार्थाला निष्प्रभ करणारा ग्लुटाथायोन नावाचा साठा यकृताजवळ असतो. डोस योग्य असेल तर हा साठा पुरतो. डोस फार झाला, माणूस उपाशी असला किंवा नित्य दारू पिणारा असला तर साठा संपतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. निरोगी प्रौढासाठी चोवीस तासांत ४ ग्रॅम ही वरची मर्यादा मानतात, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. अडचण अशी की सर्दीच्या गोळीत, अंगदुखीच्या गोळीत आणि तापाच्या गोळीत तेच पॅरासिटामॉल असू शकते. तीन वेगळ्या नावांची तीन पाकिटे घेणाऱ्याला आपण एकच औषध तिप्पट घेत आहोत याची कल्पना नसते. ती कल्पना काउंटरवरील फार्मासिस्टने द्यावयाची आहे.

यकृताचे काम इतर औषधांमुळे वेगवान किंवा मंद होते. आपल्या भागाला जवळचे उदाहरण क्षयरोगाचे. त्यावरील रिफाम्पिसिन हे औषध यकृतातील विकरांचे प्रमाण वाढविते. परिणामी दुसरी अनेक औषधे नेहमीपेक्षा लवकर संपतात. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बहिणीने क्षयाचे औषध सुरू केले तर त्या गोळ्यांवर विसंबता येत नाही, दुसरा उपाय योजावा लागतो. मधुमेहाच्या काही गोळ्यांचा प्रभाव घटून साखर वाढू शकते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा डोस वाढवावा लागतो. क्षयाचा उपचार संपल्यावर साधारण दोन आठवड्यांत यकृत पूर्वपदावर येते. वाढविलेला डोस तेव्हा कमी केला नाही तर तोच घातक ठरतो. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, ही निरुपद्रवी बाबही आधी सांगितली नाही तर रुग्ण घाबरून औषध सोडतो, आणि अर्धवट सोडलेला क्षय सर्व घराला धोक्याचा असतो.

क्षयावरील दुसरे औषध आयसोनियाझिड. ते शरीराबाहेर टाकण्याचा वेग माणसाला जन्मतःच मिळालेला असतो. काहींचे यकृत ते झपाट्याने बदलते, काहींचे मंदगतीने. भारतात निम्म्याहून अधिक लोक मंदगतीचे आहेत. मद्रासला १९५६ साली स्थापन झालेल्या क्षयरोग उपचार केंद्राने या विषयावर मोलाचे संशोधन केले. मंदगतीच्या लोकांत औषध अधिक काळ साचते आणि हातापायांना मुंग्या येण्याची शक्यता वाढते. ते टाळण्यासाठी 'ब-६' जीवनसत्त्व देतात. क्षयाच्या रुग्णाने "गोळ्या फार झाल्या" म्हणून ही लहान गोळी टाकून दिली, तर तिचे काम काय हे त्याला समजावून सांगणारे कोणी हवे.

विडी-सिगारेटच्या धुरामुळेही यकृतातील काही विकर वाढतात. दम्यासाठी थिओफायलिन घेणाऱ्या विडीबाजाच्या शरीरातून ते लवकर निघून जाते. त्याने विडी सोडली (आणि ती सोडावीच) तर औषधाची पातळी वाढते. अशा वेळी डॉक्टरांना कळविणे आवश्यक असते.

चौथा टप्पा : उत्सर्जन

शेवटची वाट मुख्यतः मूत्रपिंडाची. औषधाची रक्तातील पातळी निम्मी होण्यास लागणाऱ्या वेळाला अर्धायुष्य म्हणतात. पॅरासिटामॉलचे अर्धायुष्य सुमारे दोन-तीन तास, म्हणून ते दिवसातून तीन-चार वेळा घ्यावे लागते. रक्तदाबावरील ॲम्लोडिपिनचे ३० ते ५० तास, म्हणून ते दिवसातून एकदा पुरते. अशा औषधाची पातळी स्थिर होण्यास आठवडाभर लागतो. "दोन दिवस गोळी घेतली, बीपी उतरले नाही" म्हणून कोणी स्वतःच दोन गोळ्या घेऊ लागला, तर त्याला हा हिशेब सांगावा.

मूत्रपिंड थकले की खाचराची खालची वाट तुंबते. वरून पाणी तेवढेच येत राहते आणि पातळी वाढते. वृद्धांत हे नकळत घडते. मधुमेहावरील ग्लिबेनक्लामाइड अशा वृद्धाच्या शरीरात रेंगाळते आणि साखर धोकादायकरीत्या खाली जाऊन ती लवकर वर येत नाही.

आषाढात लावणीच्या दिवसांत दिवसभर वाकून काम केल्यावर कंबर-गुडघे ठणकतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखलात उतरावयाचे असते, मजुरी बुडविणे परवडत नाही, म्हणून वेदनाशामक गोळी घेतली जाते. एखाद-दुसरी गोळी निरोगी माणसाला सहसा बाधत नाही. परंतु डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह कमी करतात. तोच माणूस रक्तदाबासाठी एनालाप्रिल किंवा लोसार्टन आणि जोडीला लघवी वाढविणारी गोळी घेत असेल, शिवाय कामाच्या नादात पाणी कमी पीत असेल, तर तिन्ही औषधे मिळून मूत्रपिंड एकाएकी निकामी करू शकतात. यातील प्रत्येक औषध एकेकटे योग्य असते. तिघांची गाठ पडली हे कोणाला कळणार? रक्तदाबाची औषधे सरकारी दवाखान्यातून, वेदनाशामक दुकानातून, अशी वाटणी असल्याने डॉक्टरांना ते कळतेच असे नाही. दुकानातल्या माणसाने "बीपीची गोळी चालू आहे का?" हा एक प्रश्न विचारला तर ते कळते. मात्र रक्तदाबाची गोळी कोणीही स्वतःच्या मनाने बंद करू नये. बदल डॉक्टरांनीच करावयाचा आहे.

शरीर बदलले की औषध बदलते

लहान मूल म्हणजे छोटा प्रौढ माणूस नव्हे. १९५९ साली असे निदर्शनास आले की क्लोरॅम्फेनिकॉल दिलेली काही नवजात बालके राखाडी पडून दगावतात, कारण त्यांच्या अपरिपक्व यकृताला ते औषध निकाली काढता येत नाही. म्हणून मोठ्यांच्या गोळीचा चतकोर तुकडा बाळाला देणे हा हिशेब नव्हे. बाळाचा डोस त्याच्या वजनावर आणि वयावर डॉक्टर ठरवितात.

गुरे पाळणाऱ्या आपल्या लोकांना आणखी एक उदाहरण पटेल. डायक्लोफेनॅक गाई-म्हशींना चालत असे. पण ते दिल्यानंतर थोड्याच काळात मेलेल्या गुराचे मांस खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरत होती. हे कारण २००४ साली उघड झाले, तोवर देशातील बहुसंख्य गिधाडे नष्ट झाली होती. भारताने २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. नंतर दिसून आले की त्याऐवजी वापरात आलेले ॲसिक्लोफेनॅक गाईच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफेनॅकमध्येच बदलते. २०२३ साली त्यावरही जनावरांच्या वापरापुरती बंदी आली. बाटलीवरचे नाव वेगळे होते, पण शरीराने त्यातून तेच विष बनविले. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित ठरलेले औषध उपलब्ध आहे.

जे. जे. रुग्णालयातील १९८६ ची घटना

शरीराच्या या रूपांतराचे सर्वांत दुःखद उदाहरण आपल्या राज्यातच घडले. १९८६ च्या सुरुवातीस मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूतील व डोळ्यातील दाब कमी करण्यासाठी रुग्णांना ग्लिसरॉल दिले गेले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हा औद्योगिक पदार्थ मिसळलेला होता. चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी करून खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या साखळीतील दोष उघड केले.

डायएथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर असते, दिसावयास ग्लिसरॉलसारखेच. प्यायल्यावर माणूस लगेच कोसळत नाही. यकृतातील विकर त्याचे रूपांतर करतात आणि तयार होणारे आम्ल मूत्रपिंडाचा नाश करते. एक-दोन दिवसांत लघवी बंद होते, तेव्हा उशीर झालेला असतो. १९३७ साली अमेरिकेत याच पदार्थाने शंभराहून अधिक बळी घेतले होते. आणि २०२५ साली आपल्या सीमेला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात दूषित खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यातील अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. म्हणजे धडा अजून पुरता शिकला गेलेला नाही. बॅच नंबर पाहणे, पक्के बिल घेणे, परत मागविलेल्या बॅचची सूचना वाचून तो माल तत्काळ बाजूला काढणे आणि लहान मुलाला खोकल्याचे औषध चिठ्ठीशिवाय न देणे ही कामे म्हणून कारकुनी समजू नयेत. औषध घेतल्यानंतर मुलाची लघवी कमी झाली तर क्षणाचाही विलंब न लावता मोठे रुग्णालय गाठावे.

काउंटरवरील पाच प्रश्न

टाकवे, वडेश्वर, माऊ, डाहुली, इंगळूण येथील माणसाला तज्ज्ञ डॉक्टरांपर्यंत पोहोचण्यास दिवस मोडावा लागतो. औषध हातात पडताना भेटणारा शेवटचा जाणकार म्हणजे सरकारी केंद्रातील औषध निर्माण अधिकारी किंवा मेडिकल दुकानातील फार्मासिस्ट. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टलाच आहे आणि २०१५ च्या नियमावलीने रुग्णाला समजावून सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरविले आहे. त्याने पुढील पाच प्रश्न विचारावेत :

१. औषध कोणासाठी? वय व वजन किती?
२. आणखी कोणती औषधे चालू आहेत? (झाडपाल्याचीही.)
३. यकृताचा, मूत्रपिंडाचा किंवा मधुमेहाचा आजार आहे काय? दारू घेता काय?
४. गर्भवती आहात काय, अंगावर बाळ पिते काय?
५. पूर्वी एखाद्या औषधाची ॲलर्जी किंवा त्रास झाला होता काय?

या प्रश्नांना दोन मिनिटे लागतात. फार्मासिस्टने विचारले नाही तर गिऱ्हाइकाने आपणहून सांगावे. घरातील प्रत्येक आजारी माणसाच्या चालू औषधांची यादी एका कागदावर लिहून ती दवाखान्यात व दुकानात दाखवावी. औषधाने काही विपरीत झाले तर राष्ट्रीय औषध दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळविता येते.

विद्यार्थ्यांसाठी

आपल्या समाजातील अनेक मुले-मुली आज डी. फार्म., बी. फार्म. करीत आहेत ही आनंदाची गोष्ट आहे. घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजची पायरी चढले आणि आई-वडिलांनी कर्ज काढून फी भरली, अशी कितीतरी उदाहरणे आहेत. परीक्षेपुरते शोषण-वितरण-रूपांतर-उत्सर्जन पाठ करून पदविका मिळेल. पुढे ती पदविका दुसऱ्याच्या दुकानात भिंतीला टांगण्यासाठी भाड्याने देण्याचा मोहही समोर येईल. तो कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या दुकानात पाच प्रश्न विचारणारे कोणीच उरत नाही. ज्या वृद्ध आईचे मूत्रपिंड त्यामुळे जाईल, ती बहुधा आपल्याच वाडीतील असेल.

बाबासाहेबांनी शिक्षणाचा आग्रह धरला तो केवळ नोकरीसाठी नव्हे, समाजाला उपयोगी पडण्यासाठी. धम्मात करुणेबरोबर प्रज्ञा सांगितली आहे. आजाऱ्याविषयी कणव असणे चांगलेच, पण त्याच्या शरीरात त्या गोळीचे पुढे काय होणार हे जाणून ती हातावर ठेवणे, ही फार्मासिस्टची खरी रुग्णसेवा होय.

जय भीम!